मुळाबरहुकूम

निर्मलाबाईंनी आयुष्यात एकच गोष्ट बदलली, आणि तीसुद्धा चीनमधली. कुणी म्हणेल, त्यात एवढं काय? कुठलं चीन, कुठलं हैदराबादचं काचीगुडा! पण ज्या घरात ही बदलाबदल झाली त्या घराचे मालक दिगंबरराव होते, आणि त्यांच्या घरात स्वल्पविराम हलवायचा म्हटलं तरी परवानगी लागायची.

दिगंबररावांनी सरकारी नोकरीची सत्तावीस वर्षं चिनी रेडिओ ऐकण्यात घालवली होती. बासष्टच्या लढाईनंतर सरकारला एकाएकी साक्षात्कार झाला, की शेजारी काय बोलतो हे कळणारं आपल्याकडे फारसं कुणी नाही. मग हैदराबादच्या कॉलेजातून संस्कृत घेऊन पहिल्या वर्गात पास झालेल्या या तरुणाला चिनी शिकवण्यात आलं, आणि त्याला उत्तरेकडे डोंगरातल्या एका कार्यालयात कानाला यंत्र लावून बसवण्यात आलं. ऐकायचं, उतरवायचं आणि खाली 'मुळाबरहुकूम' अशा अर्थाचा शेरा मारून सही करायची. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर वरपर्यंत धावपळ. त्या शेऱ्याचा त्यांना इतका अभिमान, की लग्नानंतर निर्मलाबाईंनी पहिल्यांदा वाणसामानाची यादी हातात दिली तेव्हा सामान आणून, यादीशी ताडून, त्यांनी खाली तेच लिहिलं होतं. निर्मलाबाई हसून हसून बेजार झाल्या होत्या. पुढे हसू आटलं, शेरा मात्र राहिला.

काचबिंदूनं डोळ्यांचा घास घ्यायला सुरुवात केली तशी मुदतीआधीच निवृत्ती घेऊन ते काचीगुड्याला परतले. तो काळच मोठा मजेचा होता. दिल्लीत परदेशी मालाला दारं उघडली होती आणि इथं आबिड्सच्या दुकानांत रोज काहीतरी नवं येत होतं. ज्या देशाचा रेडिओ दिगंबररावांनी चोरून ऐकला, त्याच देशाची कुलपं आणि खेळणी आता फुटपाथवर ढिगानं विकायला होती. त्यांच्याकडे कधी काळी चिनी शिकलेला संदेश तो माल आणायला वर्षातून दोनदा तिकडे जायचा. एकदा त्याला काय सुचलं कोण जाणे, खेळण्यांच्या खोक्यात चार मासिकं टाकून घेऊन आला. विज्ञानकथांची मासिकं होती ती.

"अगं, यांच्या भविष्यातसुद्धा रेशनची रांग आहे!" पहिली गोष्ट भिंगातून वाचून झाल्यावर दिगंबरराव लहान मुलासारखे ओरडले होते. एका गोष्टीत पाऊस कारखान्यात तयार होऊन नळानं घरोघर यायचा, आणि तिसऱ्या मजल्यावर त्याला जोर नसायचा. "हे तर आपलं हैदराबाद!" निर्मलाबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून दोघांना उद्योग मिळाला.

कामाची पद्धत ठरलेली होती. सकाळी आठ ते दहा, खिडकीतलं ऊन पानावर पडेल तेवढा वेळ. दिगंबरराव भिंगाखाली एकेक अक्षर धरायचे, वाक्य तोंडात घोळवायचे आणि मराठीत बोलायचे. निर्मलाबाई ते शाळकरी वहीत उतरवून घ्यायच्या, मग मोठ्यानं वाचून दाखवायच्या. ते दुरुस्त्या सांगायचे. सगळं मनासारखं झालं की दुपारी एकट्या बसून निर्मलाबाई फुलस्केप कागदावर एका बाजूनं प्रेसकॉपी करायच्या. शेवटी 'मुळाबरहुकूम' लिहून, त्यांच्या हाताला धरून, सहीच्या जागी पेन टेकवून द्यायच्या. औरंगाबादचे हिम्मतराव त्यांच्या दिवाळी अंकात या गोष्टी छापत. अशा दोन छापून झाल्या होत्या, आणि वाचकांना आवडल्या होत्या. हैदराबादेतले मराठी वाचणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत, पण त्या बोटांनीही टाळ्या वाजवल्या.

घरातला एक मराठी वाचक मात्र अमेरिकेत होता, आणि तो धड मराठी वाचायचा नाहीच. मकरंद, त्यांचा एकुलता एक. शाळा तेलुगू-इंग्रजीच्या खिचडीत झालेली. इंजिनिअर होऊन सरकारी कारखान्यात लागला, पाच वर्षं तिथं कंटाळला, आणि मग गावातल्या हजार पोरांबरोबर कॉम्प्युटरच्या वर्गाला जाऊन तीन महिन्यांत परदेशी जायला उभा राहिला. पाठवणाऱ्या कंपनीनं त्याच्या बायोडेटात कॉम्प्युटरच्या कामाची तीन वर्षं आपल्या मनानं घातली होती. सगळ्यांचीच घालत होते. मकरंदनं जेवताना हे हसत हसत सांगितलं, आणि दिगंबररावांनी हातातला घास ताटात ठेवला.

"जी तीन वर्षं तू जगला नाहीस, त्यांच्याखाली सही केलीस?"

"बाबा, सगळेच करायलेत. त्याच्याबिगर व्हिसा मिळत नाही."

"मग खोट्या कागदावर जो माणूस चाललाय, त्याला मी ओळखत नाही."

बोलून गेले, आणि बोललेला शब्द मागं घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्याला आता चार वर्षं झाली. मकरंदनं चारदा फोन केला. चारही वेळा दिगंबररावांनी आवाज ऐकून, एक अक्षर न बोलता, रिसीव्हर बायकोच्या हातात दिला. मग फोन बंद झाले. आईला पंधरा दिवसांनी ईमेल यायचा, इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत. निर्मलाबाई हिमायतनगरच्या इंटरनेटवाल्याकडून तो कागदावर छापून आणायच्या आणि घरी मोठ्यानं वाचायच्या. थंडी पडली. गाडी घेतली. बाकी ठीक. बाबांविषयी एक ओळ नसायची. दिगंबरराव त्या वेळी रेडिओवर स्टेशन शोधत असायचे आणि ते कागद संपेपर्यंत सापडायचं नाही.

खाली 'बाबांना नमस्कार' एवढं जोडायला निर्मलाबाईंना काय जड होतं? नवऱ्याला ते बारीक अक्षर दिसत नव्हतं, मुलाला कळलं नसतं. जिभेवर यायचं. पण त्यांनी एकदाही जोडलं नाही. हे खोटं केलं तर पुढे कधी खरं आलं तर ते ओळखायचं कसं, अशी त्यांना धास्ती होती. त्यांचा सारा जीव त्या एका ओळीत अडकला होता. बापाचे डोळे पुरते मिटायच्या आत ती ओळ यावी, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि दोन हजार एकच्या पावसाळ्यात ती तिसरी गोष्ट आली. लेखिकेचं नाव दिगंबररावांनी तीनदा म्हणून दाखवलं, निर्मलाबाईंना एकदाही जमलं नाही. कोळशाची खाण बंद पडलेलं एक गाव. पोरं दक्षिणेकडच्या कारखान्यांत गेलेली. एक कंपनी अशी यंत्रं विकते, जी दर रविवारी पोराच्या आवाजात आईला फोन करतात. जेवलीस का, गुडघा कसा आहे, औषध घे. आईला दुसऱ्याच महिन्यात कळतं, की हे यंत्र आहे, कारण पोरगा कधी एवढा वेळ गप्प बसून ऐकायचा नाही. तरी ती बोलत राहते. शेवटी शेवटी तीही तसलंच एक यंत्र आणते, तिच्या आवाजात उत्तर देणारं. गोष्ट संपते तेव्हा घर रिकामं आहे, म्हातारी कधीच गेली आहे, पोराचाही पत्ता नाही, आणि दर रविवारी फोन वाजतो. एक यंत्र विचारतं, जेवलीस का? दुसरं सांगतं, जेवले.

"काय शेवट आहे!" दिगंबरराव म्हणाले. "एक शब्द जास्तीचा नाही." त्यांचा आवाज भरून आला होता. मकरंद गेल्यावर त्यांना असं निर्मलाबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं.

दुपारी त्या प्रेसकॉपीला बसल्या. शेवटच्या पानापर्यंत आल्या आणि हात चालेना. 'घर रिकामं आहे' हे चार-पाचदा लिहायला घेतलं आणि चार-पाचदा पेन उचललं. मग त्यांनी नवा कागद घेतला आणि लिहिलं, की चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी म्हातारी यंत्राशी बोलत असते आणि दारावर थाप पडते. 'थांब हं,' ती फोनला सांगते, 'कुणीतरी आलंय.' ती रिसीव्हर टेबलावर ठेवते आणि कडी काढते. बाहेर पोरगा उभा आहे, हातात पिशवी, केस पिकलेले. एवढंच. दीड पान. लिहून झाल्यावर त्या जागेवरच रडल्या, आणि मग डोळे पुसून खाली सवयीनं 'मुळाबरहुकूम' लिहून मोकळ्या झाल्या.

दिवाळीत अंक आला. छापलेलं पान समोर धरून त्यांनी नवऱ्याला वहीतला शेवट म्हणून दाखवला. वाचकांची पत्रं आली, नेहमीपेक्षा जास्त. वाचून रडू आलं, असं बहुतेकांनी लिहिलं होतं. "बघ," दिगंबरराव म्हणायचे, "आपल्या लोकांना दुःख सोसत नाही म्हणतात ते खोटं आहे." निर्मलाबाई पत्राची घडी घालायच्या.

जानेवारीत हिम्मतरावांचा फोन आला, तोही नेमका दिगंबररावांनीच घेतला. पुण्यात चिनी शिकवणाऱ्या वंदना नावाच्या बाईंनी संपादकांना पत्र लिहिलं होतं. मूळ गोष्ट त्यांनी वाचली होती. मुळात कुणीच परत येत नाही, अनुवादकांना एक तर चिनी येत नसावं किंवा वाचकांची भीड पडली असावी, असं त्यांचं म्हणणं. हिम्मतरावांना बाईंचं पत्र आणि दिगंबररावांचं उत्तर पुढच्या अंकात शेजारी शेजारी छापायचं होतं.

दिगंबररावांचा पारा चढला तो उतरेना. "कोण परत येतो? कुठली गोष्ट वाचली या बाईनं?" दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते खिडकीशी बसले आणि उत्तर सांगू लागले. निर्मलाबाई वहीत उतरवत होत्या. चाळीस वर्षांत आपण दुसऱ्याच्या वाक्याला हात लावला नाही. बाईंनी अंक नीट वाचावा. शेवट मुळात आहे तसाच आहे. आणि मग ते थांबले, जरा हसले, आणि म्हणाले, "लिही. 'माझी दृष्टी गेल्यापासून लिहिणारा हात माझ्या पत्नीचा आहे, आणि तो माझ्या हातापेक्षाही विश्वासाचा आहे.' झालं. आता फेअर कर."

दोन दिवस निर्मलाबाईंनी तो कागद फेअर केला नाही. आज डोकं दुखतंय, उद्या शाई संपली. आहे तसं पाठवावं, तर अंक हातात घेतलेला कुणीही शेंबडं पोर म्हणेल, की म्हातारा धडधडीत खोटं बोलतोय. पत्रातही काही बदलावं, तर ते सगळंच बदलावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी त्या त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, शेवट मी बदलला."

"काय म्हणायलीस?"

"कॉपी करताना. तो पोरगा येतच नाही, हे मला लिहवेना गेलं."

शेजारच्या अलकाच्या घरातला कुकर तीनदा वाजला.

"आणि अंक आला तेव्हा मला वाचून दाखवलास तो?"

"वहीतला."

"छापलेलं पान हातात धरून?"

"हौ."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त तो बदललेला शेवट वाचायला सांगितला. निर्मलाबाईंनी वाचला. मग दिगंबररावांनी हिम्मतरावांना दोन ओळींचं पत्र सांगितलं: 'बाईंचं म्हणणं खरं आहे. चूक माझी.' बायकोचं नाव त्यांनी घातलं नाही. निर्मलाबाईंनी पेन त्यांच्या हातात दिलं, जागा दाखवली.

"शेरा लिहिलास?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"लिही. एवढं तरी मुळाबरहुकूम आहे."

दुसऱ्या दिवशी खिडकीत ऊन आलं आणि गेलं. भिंग कपाटात गेलं. घरात बोलणं चालू होतं, भाजी काय करायची, दूध आलं का. राग दिसला असता तर निर्मलाबाईंनी तो निस्तरला असता, पण राग नव्हताच. त्या काही सांगू लागल्या की ते जरा मान वळवून ऐकायचे. पूर्वी परक्या देशाचा रेडिओ असाच ऐकायचे.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, हिमायतनगरच्या इंटरनेटवाल्यानं कागद हातात दिला आणि निर्मलाबाई तिथंच दुकानाच्या पायरीवर बसल्या. दोनदा वाचला. मग रिक्षा केली. एरवी त्या बसनं यायच्या.

"अहो, मकरंदचं आलंय. तुम्हाला आहे. तुम्हाला!"

धाप लागली होती, तरी बसायच्या आत त्यांनी वाचायला सुरुवात केली.

'आई, हे बाबांना वाचून दाखव. बाबा, सप्टेंबरमध्ये माझी नोकरी गेली. आईला मी सांगितलं नव्हतं. तीन महिने घरी बसून होतो. मग एका छोट्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं काम निघालं. त्यांनी बायोडेटा मागितला. मी ती तीन वर्षं काढून टाकली. पगार कमी मिळतो. पण आता कागदावर जो आहे तोच मी आहे. हे तुम्हाला सांगायचं होतं. मी फोन करणार नाही, तुम्ही बोलत नाही ते मला ऐकवत नाही. येत्या रविवारी तुमच्या संध्याकाळी साडेसहाला मी घरी फोनजवळ बसेन. तुम्ही केला तर मला समजेल. नाही केला तरी समजेल. तुमचा, मकरंद.'

चार वर्षं ज्या एका ओळीसाठी जीव टांगणीला लागला होता, तिच्या जागी पानभर आलं होतं. निर्मलाबाईंनी वर पाहिलं. दिगंबररावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"छान आहे," ते म्हणाले.

"आहे की नाही?"

"फार छान. चिनी बाईपेक्षा चांगलं जमलंय तुला. ती तीन वर्षं काढून टाकायचं कसं सुचलं ग? शेवट तर सुरेख केलास."

निर्मलाबाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी हातातला कागद नवऱ्यापुढे धरला.

"अहो, हे त्यानं लिहिलंय! देवाशपथ! हे बघा, छापलेलं आहे."

"छापलेला तर दिवाळी अंकही होता."

"अलकाला बोलावते. ती वाचून दाखवील."

"नको. तिला कशाला यात ओढतेस." त्यांनी हात पुढे केला, चाचपडत बायकोचा हात धरला. "मला राग नाही ग. मला बरं वाटावं म्हणून केलंस, कळतंय मला. पण आता पुरे."

कपाटातून भिंग काढून त्यांनी कागदावर धरलं ते केवळ बायकोसाठी. इंटरनेटवाल्याची शाई संपत आलेली, अक्षरं बारीक आणि करडी. थोडा वेळ कागद हलवून त्यांनी तो परत दिला. काही दिसलं नव्हतं.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. निर्मलाबाईंनी मिनतवाऱ्या केल्या, रुसून पाहिलं, एकदा तर पायाशी बसल्या. एवढा मोठा जाणता माणूस, पण विश्वास एकदा गेला की तोही लहान पोरासारखा हट्टी होतो. की त्याला भीती वाटते? रविवारी सहा वाजता त्यांनी नवऱ्याची काठी आणि मफलर आणून समोर धरला. घरच्या फोनवरून परदेशी बोलायची सोय नव्हती. स्टेशनच्या रस्त्यावर उमाजीचा टेलिफोन बूथ होता, दहा मिनिटांच्या चालीवर.

"चला ना. माझ्यासाठी चला. खोटं निघालं तर जन्मभर माझं तोंड बघू नका."

दिगंबररावांनी काठी हातात घेतली. क्षणभर वाटलं, उठतायत. मग त्यांनी ती भिंतीला टेकवून ठेवली.

"मी फोन करायचा," ते हळू म्हणाले, "आणि त्यानं म्हणायचं, कशाला केलात? तेवढं बळ आता माझ्यात नाही, निर्मला."

त्या एकट्याच निघाल्या. रस्त्यावर काचीगुडा स्टेशनकडे जाणाऱ्यांची गर्दी होती, बॅगा, पोरं, ऑटोवाल्यांची हुज्जत. बूथमध्ये शिरून त्यांनी कागदावरचा नंबर उमाजीसमोर धरला. उमाजीनं चष्मा सारखा केला, एकेक आकडा जोरानं दाबला आणि रिसीव्हर पुढे केला.

"लाइन लागली, माई. बोला."

पहिली घंटी पुरी व्हायच्या आत तिकडे फोन उचलला गेला.

"बाबा?"

चार वर्षांत हा शब्द त्या आवाजात त्यांनी ऐकला नव्हता. निर्मलाबाईंनी काचेवर हात टेकवला. वाक्य तयार होतं, अगदी फेअर केल्यासारखं: बाबा इथंच उभे आहेत रे, त्यांचा घसा बसलाय, म्हणून मी बोलतेय. एवढं म्हटलं की पोराचा दिवस सुखाचा जाणार होता. बदलायला काय लागतं, दीड पान.

"बाबा, तुम्हीच आहात ना? बोला ना काहीतरी."

"मी आहे रे," निर्मलाबाई म्हणाल्या. "मी एकटीच आलेय."